चित्रे मुलांची, चौकट परक्यांची

२७ फेब्रुवारी २००५ च्या रात्री हॉलिवूडच्या कोडॅक थिएटरमध्ये ऑस्कर पारितोषिकांचे वाटप झाले. सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा मान त्या वर्षी ‘बॉर्न इंटू ब्रॉथेल्स’ या चित्रपटाला मिळाला. कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीत जन्मलेली आठ मुले, त्यांच्या हाती दिलेले रोल घालायचे साधे कॅमेरे आणि त्या कॅमेऱ्यांनी त्यांनी टिपलेला आपला परिसर, हा त्याचा विषय. लंडनमध्ये जन्मलेल्या व न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या छायाचित्रकार झाना ब्रिस्की १९९८ च्या सुमारास या वस्तीतील स्त्रियांची छायाचित्रे काढण्यासाठी आल्या, वस्तीतच राहिल्या आणि पुढे त्यांनी तिथल्या मुलांसाठी छायाचित्रणाचा वर्ग सुरू केला. रॉस कॉफमन या सहकाऱ्यासह त्यांनी त्या वर्गाचा चित्रपट केला. मुलांच्या छायाचित्रांची प्रदर्शने कोलकात्यात आणि न्यूयॉर्कमध्ये भरली, सदबीज या लिलावगृहात त्यांची विक्री झाली, अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या दिनदर्शिकेवर ती झळकली. वर्गातील एक मुलगा वर्ल्ड प्रेस फोटोच्या बालपरीक्षक मंडळावर अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन बसला.

या गोष्टीला वीस वर्षे उलटून गेली. पण त्या रात्री जो साचा गौरवला गेला, तो आज सर्वत्र रुळला आहे. वस्तीतल्या मुलांच्या हाती कॅमेरा द्यायचा, त्यांच्या ‘वयात येण्याची’ आणि ‘जगण्याच्या रीतीची’ छायाचित्रे भिंतीवर टांगायची आणि उद्घाटनाला शहरातील प्रतिष्ठितांना बोलवायचे. कलामहाविद्यालयांतील विद्यार्थीही आता याच साच्यातून आपली प्रदर्शने घडवू लागले आहेत. म्हणून मूळ साचा एकदा नीट तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. मुलांची छायाचित्रे चांगली होती. रोल धुऊन आले की इवल्या प्रतींच्या कागदावर भिंग फिरवून मुलेच त्यांतून निवड करीत आणि ती निवड जाणत्याला शोभेल अशी होती. त्यांत गच्ची आहे, जिना आहे, बादली आहे, पाठची भावंडे आहेत, सहलीत प्रथमच पाहिलेला समुद्र आहे. वेश्याव्यवसाय त्यांत जवळजवळ नाही. मुलांनी ज्याची छायाचित्रे काढली, त्याला साध्या भाषेत घर म्हणतात. घर अरुंद होते, ओले होते, रात्री परक्यांच्या पावलांनी भरून जाणारे होते. पण ते त्यांचे घर होते आणि त्यात त्यांची आई होती.

आता त्या छायाचित्रांभोवती बसवलेली चौकट पाहा. जवळजवळ दीड तासाच्या या चित्रपटात आई कुठे दिसते? ती गल्लीत गिऱ्हाईकाची वाट पाहताना दिसते, शेजारणीशी कचाकचा भांडताना दिसते आणि तिच्या तोंडच्या शिव्यांचे इंग्रजी भाषांतर पडद्याच्या तळाशी अगदी निष्ठेने उमटते. तीच बाई सकाळी मुलाला अंघोळ घालून शाळेत धाडते की नाही, त्याच्या पाटी-पुस्तकासाठी पैसे बाजूला टाकते की नाही, याची चौकशी करायला कॅमेऱ्याला सवड झाली नाही. मुलांना शाळा मिळावी म्हणून वणवण करणारी एकच व्यक्ती या कथेत आहे आणि ती परदेशातून आलेली आहे. मुलांचे मोठे होणे म्हणजे आईपासून दूर जाणे, वसतिगृहात दाखल होणे, विमानात बसणे. जे मूल गेले ते तरले आणि जे राहिले ते बुडाले, असा हा हिशेब. आणि चित्रपटाच्या अखेरीस झळकणाऱ्या ओळीच सांगतात, की वसतिगृहात घातलेली काही मुले आपण होऊन परत आली, काहींना घरच्यांनी काढून आणले. असे का झाले, हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही. ज्या आईला विश्वासात घेतलेच नाही, तिने मूल परत आणले तर दोष कोणाचा?

याहून बोचणारी एक गोष्ट आहे. वस्तीतील स्त्रियांची ओळख उघड होऊ नये म्हणून हा चित्रपट भारतात दाखवला जाणार नाही, असे निर्मात्यांच्या वतीने सांगितले गेले होते. हेतू चांगला असेलही. पण याचा सरळ अर्थ असा, की या स्त्रियांचे चेहरे न्यूयॉर्कने पाहावेत, लंडनने पाहावेत, फक्त त्यांच्या शेजाऱ्यांनी पाहू नयेत. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्यासमोर बोलायचे नाही, याला आपल्याकडे चहाडी म्हणतात. सोनागाछीतील स्त्रियांच्या दुर्बार महिला समन्वय समितीने चित्रपटावर आक्षेप घेतला तो याच अंगाने: आपल्या मुलांसाठी मातांनी स्वतः जे केले, ते या चित्रपटाने पुसून टाकले. देहविक्रयाला श्रम म्हणून मान्यता मिळावी, ही दुर्बारची मागणी मान्य होण्यासारखी नाही. शरीराचा बाजार हा धंदा म्हणून प्रतिष्ठित करणे हा त्या स्त्रियांच्या दुःखावरचा उपाय नव्हे. परंतु आई म्हणून त्यांनी घेतलेला आक्षेप खरा होता. १९९५ साली याच स्त्रियांनी उषा ही स्वतःची पतसंस्था काढली. सावकाराच्या पाशातून सुटावे आणि मुलांच्या शिक्षणाला चार पैसे साठावेत, एवढाच तिचा खटाटोप. ऑस्करच्या चौकटीत ती मावली नाही.

भारतीयांच्या ‘जगण्याच्या रीती’ भिंगातून पाहण्याची ही खोड जुनी आहे. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर इंग्रजांनी ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड काढले. १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्या खंडांत चारशे अडुसष्ट छायाचित्रे आहेत. माणसे जातवार, जमातवार उभी केलेली आणि खाली शेरा: ही जमात राजनिष्ठ, ती कपटी, ही आळशी. पुढे १९२७ साली अमेरिकेच्या कॅथरीन मेयो यांनी ‘मदर इंडिया’ लिहून हिंदू घरातील बाल्य, विवाह आणि मातृत्व यांची जगभर नाचक्की केली. गांधीजींनी त्या पुस्तकाला गटार तपासनिसाचा अहवाल म्हटले, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच लेखात, भारतीयांनी ते पुस्तक वाचले तर त्यांचा काही लाभच होईल, असेही त्यांनी म्हटले होते. त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

ती येथे काढणे भाग आहे. कारण परक्यांच्या चौकटीवर टीका करणाऱ्याला एक प्रश्न टाळता येत नाही: मग तुम्ही काय केले? सोनागाछीत मुली खरोखरच वयात येण्यापूर्वी धंद्याला लागत होत्या. त्यांना तेथून बाहेर काढण्याची धडपड करणाऱ्या व्यक्तीच्या कातडीचा रंग पाहून तिला हिणवणे सोपे आहे. पण त्या मुलीच्या वतीने ते क्षम्य ठरत नाही. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीने १९७७ ते २०११ अशी चौतीस वर्षे सलग राज्य केले. शोषितांच्या नावाने गळा काढणाऱ्यांच्या राजधानीत ही वस्ती त्या सर्व काळात जशीच्या तशी नांदत होती, हे खरे. पण त्या वस्तीभोवती डावे मंत्रालय नव्हते, हिंदू शहर होते.

आणि शहराचा तो भागही कोणता? उत्तर कोलकाता. स्वामी विवेकानंदांचे जन्मघर येथून पायी जाण्याच्या अंतरावर. दुर्गेच्या मूर्ती घडवणारी कुमारटुली जवळच. मूर्तीच्या मातीत वेश्येच्या दारची चिमूटभर माती मिसळल्यावाचून देवीची मूर्ती पूर्ण होत नाही, हा बंगालचा परंपरागत आचार. त्याचा अर्थ पंडित निरनिराळा लावतात. पण जिला समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवले तिच्याच उंबऱ्याची माती जगदंबेच्या अंगी लागते, यापेक्षा मोठी ग्वाही कोणती हवी? तरीही त्याच स्त्रियांना आपल्या गल्लीत दुर्गापूजा मांडायची होती, तेव्हा परवानगीसाठी त्यांना कोलकाता उच्च न्यायालयात जावे लागले आणि २०१३ साली त्यांची पूजा झाली. माती घेताना शतकानुशतके कोणाला परवानगी लागली नव्हती.

याच परिसरातील बिनोदिनी दासीची कथा बंगाली रंगभूमीच्या इतिहासात अजरामर आहे. वेश्येच्या घरी जन्मलेली ही मुलगी कोवळ्या वयात रंगमंचावर आली आणि गिरीशचंद्र घोषांच्या तालमीत मोठी झाली. १८८३ साली बीडन स्ट्रीटवर नवे नाट्यगृह उभे राहिले ते तिच्या त्यागावर. त्याला तिचे नाव देण्याचे वचन ऐनवेळी मोडले गेले आणि ‘स्टार’ हे नाव लागले. २१ सप्टेंबर १८८४ रोजी तेथे ‘चैतन्यलीला’ पाहायला श्रीरामकृष्ण परमहंस आले. चैतन्य महाप्रभूंची भूमिका बिनोदिनीने केली होती. प्रयोगानंतर त्यांनी तिला आशीर्वाद दिला. परमहंसांना तिच्या कुळाची अडचण वाटली नाही. शहराला मात्र वाटत राहिली. बिनोदिनीने आपल्या मुलीला शाळेत घालायचा प्रयत्न केला, तेव्हा तिला प्रवेश नाकारण्यात आला. ती मुलगी तेराव्या वर्षी वारली. नाट्यगृहाला बिनोदिनीचे नाव देण्याची घोषणा झाली ती २०२४ च्या अखेरीस, तीही मूळच्या नव्हे, नंतर बांधलेल्या स्टार थिएटरला.

परक्या देशातून याच उत्तर कोलकात्यात आणखी एक स्त्री आली होती, ब्रिस्की यांच्या बरोबर शंभर वर्षे आधी. मार्गारेट नोबल १८९८ च्या जानेवारीत येथे उतरली, मार्च महिन्यात तिला ब्रह्मचर्याची दीक्षा मिळून ती निवेदिता झाली आणि त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला बागबाजारच्या बोसपाडा गल्लीत तिने मुलींची शाळा उघडली. शाळेचे उद्घाटन शारदामातेच्या हस्ते झाले. निवेदितेने मुली मिळवल्या त्या घराघरांत जाऊन, आयांच्या पुढ्यात बसून, त्यांची बोली शिकून. दुसऱ्या वर्षी प्लेग आला, तेव्हा गल्ल्या झाडायला माणसे मिळेनात म्हणून तिने स्वतः हाती झाडू घेतला. तिलाही पैशाची चणचण होती. शाळा काही महिन्यांतच बंद ठेवून निधीसाठी तिला पश्चिमेकडे जावे लागले, तेथे व्याख्याने द्यावी लागली. पण त्या व्याख्यानांतून तिने बागबाजारच्या आयांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द वेब ऑफ इंडियन लाइफ’ या ग्रंथात तिने हिंदू घराची जगण्याची रीत पाश्चात्त्य वाचकाला आतून समजावून सांगितली. त्या पुस्तकाला कोणी पारितोषिक दिले नाही. शाळा मात्र आजही चालू आहे.

हिंदू परंपरेत वयात येणे ही एकट्याने करण्याची गोष्ट कधीच नव्हती. महाराष्ट्रात मुंज लागण्यापूर्वी मातृभोजन होते. बटू आईच्या ताटात शेवटचा घास घेतो आणि व्रतबंधानंतर पहिली भिक्षा मागतो तीही आईकडेच. गुरूच्या घराचा रस्ता आईच्या हातावरून जातो. आणि ज्याला बापाचे नावच ठाऊक नाही त्याचे काय, याचे उत्तरही शास्त्राने देऊन ठेवले आहे. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम गौतम ऋषींकडे विद्या मागायला निघाला, तेव्हा त्याने आईला गोत्र विचारले. यौवनात ठिकठिकाणी सेवा करीत फिरत असताना तू झालास, तुझे गोत्र मला माहीत नाही, असे जबालेने निर्भयपणे सांगितले. मुलाने तेच ऋषींपुढे सांगितले. गौतमांनी त्याला परत धाडले नाही. त्याच्या सत्याकडे पाहून त्यांनी त्याचे उपनयन केले, चारशे दुबळ्या गाई हवाली केल्या आणि तो आईच्या नावाने सत्यकाम जाबाल म्हणून ओळखला गेला. बिनोदिनीच्या मुलीला दारातून परत पाठवणाऱ्या शहरात उपनिषदांचे पंडित कमी नव्हते!

आजच्या स्वतंत्र भारतात सत्यकामाची गत काय होते, ते पाहण्यासारखे आहे. अनैतिक व्यापार प्रतिबंधक अधिनियम १९५६ सालचा. त्याचे चौथे कलम म्हणते, की वेश्येच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारी अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती शिक्षेस पात्र आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अशी व्यक्ती त्या स्त्रीसोबत राहत असेल, तर ती तिच्या कमाईवरच जगते असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे तिने सिद्ध करायचे. दलालाला वेसण घालण्यासाठी हे कलम आले, यात संशय नाही. पण त्याच्या शब्दांत मुलाचा अपवाद नाही. आईने महाविद्यालयाचे शुल्क भरावे आणि मुलाच्या अठराव्या वाढदिवशी त्याच पैशाने त्याला गुन्हेगाराच्या रांगेत बसवावे, अशी ही तरतूद आहे. अठरा वर्षांची होऊन शिकत असलेली मुलगी आईसोबत एका खोलीत राहिली, तर तीही त्याच रांगेत. बटूची पहिली भिक्षा येथे गुन्ह्याचा मुद्देमाल होते. ‘वयात येणे’ या विषयावर प्रदर्शन भरवायचेच असेल, तर या एका कलमाभोवती भरवावे.

न्यायालयांनी यात डोळसपणा दाखवला, हे नोंदवले पाहिजे. गौरव जैन यांच्या याचिकेत या मुलांसाठी वेगळ्या शाळा आणि वेगळी वसतिगृहे मागण्यात आली, तेव्हा त्यांना असे वेगळे पाडणे त्यांच्या हिताचे नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच घेतली आणि अभ्यासासाठी समिती नेमली. १९९७ मध्ये त्याच प्रकरणात या मुलांना समान संधी मिळाली पाहिजे, असा निकाल झाला. कोलकात्यात १९९९ साली एका देहविक्रय करणाऱ्या स्त्रीचा खून झाला होता. त्या खटल्यातून पुढे वाढलेल्या प्रकरणात मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आई या व्यवसायात आहे एवढ्याच कारणावरून मुलाला तिच्यापासून तोडू नये. ऑस्करविजेत्या चौकटीने जे आठ मुलांच्या बाबतीत सहज गृहीत धरले होते, त्याच्या नेमके उलट हे विधान आहे.

ही दिशा न्यायालयाच्या आधी मुंबईत दोन मराठी माणसांना सापडली होती. प्रीती आणि प्रवीण पाटकर यांच्या प्रेरणा या संस्थेने १९८८ साली कामाठीपुऱ्यात मुलांसाठी रात्रीचे केंद्र सुरू केले. व्यवसायाची वेळ रात्रीची आणि मुलाला धोका रात्रीचा, म्हणून मुलाला रात्रीपुरते सुरक्षित छप्पर द्यायचे. संध्याकाळी मुले येतात, जेवतात, अभ्यास करतात, झोपतात, सकाळी शाळा. आई आईच राहते, कारण सकाळ तिची असते. हे काम कॅमेऱ्यात नीट येत नाही. झोपलेल्या मुलांच्या रांगेत नाट्य नसते. अहिल्यानगरच्या स्नेहालयानेही त्याच सुमारास, १९८९ पासून, लालबत्तीतील मुलांसाठी घर उभे केले. अशी कामे महाराष्ट्रात आणखी आहेत आणि त्यांना पैशापेक्षा माणसांची वाण अधिक आहे.

रविवारी कॅमेरे गळ्यात अडकवून वस्तीत शिरणाऱ्या मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांनी या केंद्रांत आधी वर्षभर रात्रीची पाळी करावी आणि मग कळ दाबावी. छायाचित्र कोणाचे, ते काढताना आईला विचारले का, प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तिला बोलावले का, आणि तेच चित्र तिच्या गल्लीत टांगायची तुमची तयारी आहे का, एवढे चार प्रश्न परीक्षकांनी गुण देण्यापूर्वी विचारावेत. प्रकाश आणि सावली यांची चर्चा त्यानंतर करता येईल. मुलांच्या हातचा कॅमेरा काढून घ्या, असे कोणीही म्हणत नाही. सोनागाछीच्या त्या आठ मुलांनी आपले घर आपल्या डोळ्यांनी पाहिले, ते टिकले पाहिजे.

आणि ज्या सुस्थित घरांत हा अंक वाचला जातो, तेथेही एक चौकट आहे. आपल्या पाल्याच्या वर्गात अशा एखाद्या आईचे मूल बसले आहे, हे कळले की मुख्याध्यापकांच्या दारावर जाणारी शिष्टमंडळे परदेशातून येत नाहीत. सेवावस्तीत संस्कारवर्ग चालवणारे कार्यकर्ते हजारोंनी आहेत, पण लालबत्तीच्या गल्लीत शिरताना त्यांच्यातील कित्येकांचे पाऊल अडखळते. ‘लोक काय म्हणतील’ हा त्यांचा प्रश्न जबालेला पडला असता, तर सत्यकाम गौतमांच्या दारापर्यंत पोचलाच नसता.

चौथे कलम मात्र अजून जागच्या जागी आहे. अधिनियमात दुरुस्ती करणारे २००६ चे विधेयक त्या लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले. मानवी तस्करीविरोधी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेने संमत केले, राज्यसभेत ते आले नाही आणि २०१९ मध्ये तेही संपले. मुलांना चौथ्या कलमातून वगळणारे एक वाक्य लिहायला नवी समिती लागत नाही. आपल्या मतदारसंघातील खासदाराला पत्र लिहून ते वाक्य मागणे, हे काम एखाद्या शाखेला, एखाद्या महिला मंडळाला, एखाद्या महाविद्यालयाच्या छायाचित्रण विभागालाही सहज जमेल.